बोटभर लाकूड : लाकडी अंगठीच्या छंदाची प्रस्तावना

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या रानातले लाकूड आजवर मोठ्या मापानेच मोजले गेले. बल्लारपूरच्या आगारात सागाच्या ओंडक्यांचे ढीग लागतात, लिलाव होतात आणि घनफुटांचा भाव ठरतो. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याची मान ताठ झाली. कमलापूरचे हत्ती आज पाहुण्यांचे आकर्षण आहेत. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी याच भागातले ओंडके ओढले. अशा मुलखात राहून आपण अंगठीएवढ्या लाकडाविषयी एक पुस्तिका लिहावी, याचे वाचकांना नवल वाटेल. ते नवल रास्त आहे, म्हणून या छंदाकडे लक्ष का द्यावे हे आधी सांगायला हवे.

ऊर्जानगरची वस्ती अशा जागी आहे की तिच्या एका अंगाला २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला ताडोब्याकडे पसरत गेलेले रान. इथल्या मुलांना वाघ-बिबट्याच्या बातम्या नव्या नाहीत. फिरायला जाताना दिसणारी निम्मी झाडे मात्र आपल्याला नावाने ठाऊक नसतात, आणि नावाने ठाऊक असली तरी सालीच्या आत काय आहे हे माहीत नसते. तेंदूची पाने विडीसाठी दर उन्हाळ्यात खुडली जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्याच तेंदूच्या जुन्या खोडात काळेभोर, शिसपेन्सिलीच्या शिशासारखे झळकणारे लाकूड असते, हे फारच थोड्यांनी पाहिलेले असते. लाकडी अंगठी करू लागलेला माणूस ते पाहतो, कापतो, घासतो आणि बोटात घालतो. रानाशी असलेली आपली ओळख हाताच्या पातळीवर आणणारा इतका लहान, इतका स्वस्त आणि इतका घरबसल्या होणारा दुसरा उद्योग नाही. या पुस्तिकेचे सारे म्हणणे एवढेच आहे: अंगठी हे निमित्त आहे, लाकूड वाचायला शिकणे हा खरा लाभ आहे.

शरीरावर लाकूड बाळगणे आपल्याला नवे नाही, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ म्हणजे लाकडाचेच मणी. पंढरपुरात काशीकापडी समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ते घडवत आले. तुळशीसारख्या बारीक काडीच्या झाडातून एकसारखे मणी काढणे ही सोपी कारागिरी नाही. धार्मिक विधीत अनामिकेत घालायचे दर्भाचे पवित्रक तर वनस्पतीची अंगठीच आहे. आपल्या शेजारच्या बस्तरात मुरिया तरुण कोरीव लाकडी फण्या करत आणि त्या प्रेमाने भेट देत. वेरियर एल्विन यांनी मध्य भारतातील आदिवासी कलेवरच्या १९५१ च्या ग्रंथात अशा फण्यांची दखल घेतली. केसांत खोवलेली फणी, गळ्यातली माळ आणि बोटातले पवित्रक यांच्या पंगतीत लाकडी अंगठी संकोच न करता बसू शकते. छंद म्हणून ती अलीकडची असली, तरी तिची भावकी जुनी आहे.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. लाकडाची अंगठी म्हणजे फळीला भोक पाडून बाहेरून गोल घासलेला तुकडा, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटते. तशी एक अंगठी तुम्ही जरूर करून पाहा. सागाची पाचेक मिलिमीटर जाडीची फळी घ्या, बोटाच्या मापाचे भोक पाडा, बाहेरून कानस मारून कडेची जाडी तीन मिलिमीटरवर आणा. दिसायला ती सुबक दिसेल. मग तिला दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू दाबा. ती तुटेल, आणि तुटेल ती दोन ठरलेल्या जागी, एकमेकींच्या बरोबर समोर. आणखी एक करा, तीही तिथेच तुटेल. या दोन जागांना लाकडाची रेषा अंगठीच्या कडेला आडवी जाते, म्हणजे तंतू फक्त तीन मिलिमीटर लांबीचे उरतात. त्यांना एकमेकांपासून सुटायला कितीसा जोर लागणार? त्याच अंगठीच्या उरलेल्या दोन बाजूंना तंतू कडेच्या दिशेने धावतात आणि तिथे ती हट्टाने टिकून राहते.

सारी विद्या या एका प्रयोगात आहे. लाकूड म्हणजे एका दिशेने रचलेल्या लांब तंतूंचा जुडगा. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते विलक्षण मजबूत असते, आडव्या दिशेने ते सहज फाटते. चुलीसाठी लाकूड फोडणाऱ्या प्रत्येक हाताला हे ठाऊक आहे. कुऱ्हाड उभ्या रेषेत घातली की ढलपी निघते. सरळ फळीतून गोल वस्तू काढताना मात्र आपण हे विसरतो, कारण वस्तू गोल असते आणि तंतू सरळच राहतात. गोल वस्तूच्या सर्व बाजूंना रेषा कशी फिरवायची, हा लाकडी अंगठीपुढचा मूळ प्रश्न आहे. या छंदातल्या सर्व पद्धती या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत, आणि वाचकांनी त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहिले तर कोणतीही पद्धत पाठ करावी लागणार नाही.

पहिले उत्तर सलग लाकडाचे. दाट, चिवट लाकूड निवडावे, कड थोडी जाड ठेवावी आणि कमजोरी मान्य करून अंगठी जपून वापरावी. दुसरे उत्तर थरांचे. दोन-तीन पातळ चकत्या अशा चिकटवाव्या, की एकीची रेषा दुसरीच्या रेषेला काटकोनात येईल. प्लायवूड याच तत्त्वावर उभे असते. एका थराची दुबळी जागा दुसऱ्या थराच्या मजबूत जागेवर येते आणि अंगठी चारही बाजूंनी सारखी होते. तिसरे उत्तर सर्वांत देखणे: लाकडाची पातळ पट्टी वाफ किंवा गरम पाण्याने मऊ करून गोल गुंडाळायची. इथे तंतू स्वतःच अंगठीभोवती फिरतात, आणि दुबळी जागा उरतच नाही.

हे तिसरे उत्तर आपल्या जिल्ह्यांतल्या बुरड कारागिरांनी कधीच शोधून ठेवले आहे, फक्त बांबूच्या रूपात. बांबू आडवा कापला तर आयते कडे मिळते, पण ते कडे उभ्या चिरेने पटकन फुटते, कारण त्याचे सगळे तंतू बोटाच्या दिशेने असतात. बुरड तसे करत नाहीत. ते बांबू लांबीत चिरतात, कामट्या काढतात, त्या पातळ करतात आणि सुपा-टोपल्यांच्या काठाला वळवतात. टोपलीचा काठ वर्षानुवर्षे ओझे पेलतो, त्याचे कारण त्या वळवलेल्या कामटीत आहे. चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू ग्रामसभेच्या वाहतूक परवान्यावर विकायला सुरुवात केली. बांबू गवताच्या कुळातला. तरीही लाकूड वळवण्याची पहिली शिकवणी आपल्याकडे त्याच्याकडूनच घ्यावी. टोपली विणणाऱ्या बाईच्या हातांकडे तासभर पाहिले, तर कामटी कुठे वळते आणि कुठे कडकन मोडते, हे नवख्यालाही कळू लागते.

आता लाकडांविषयी. साग आपल्या हाताशी सहज येतो, पण अंगठीसाठी तो सर्वांत सोपा नाही. त्याच्या प्रत्येक वार्षिक वलयाच्या आरंभी मोठी छिद्रे असतात. दारावर ती सुंदर रेघा उमटवतात, अंगठीच्या दोन मिलिमीटरच्या कडेवर मात्र ती खळगे होऊन बसतात. त्यात घासताना पडणारी भुकटी आणि चिकटद्रव्य भरून ती बुजवावी लागतात. सागाला अंगचे तेल असते. त्यामुळे तो पाण्याला दाद देत नाही, पण त्याच कारणाने चिकटद्रव्यालाही सहजी धरत नाही. चिकटवण्याआधी पृष्ठभाग नव्याने घासून स्पिरिटने पुसला की काम होते. सागाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो, तर शिसवाचे त्याहून बरेच जास्त. शिसवाची जांभळट काळी रेघ अंगठीवर राजस दिसते.

हळदूकडे मी नवख्यांचे लक्ष विशेषकरून वेधू इच्छितो. नावाप्रमाणेच पिवळे, बारीक आणि एकसारख्या पोताचे हे लाकूड पूर्वी फण्या आणि कापडगिरण्यांच्या बॉबिनांसाठी वापरले जाई. त्यावर कानस कुठेही अडखळत नाही. पहिली अंगठी हळदूची करावी. धावडा चिवट, कुऱ्हाडीचे दांडे आणि बैलगाडीचे आस त्याचे करत, यातच त्याची परीक्षा झालेली आहे. बीजाचे लाकूड पाण्यात ठेवले की पाणी रंगते, म्हणून त्याचे पेले विकले जातात. त्याची अंगठी केली तर पृष्ठभाग नीट बंद करावा, नाहीतर घामाने बोट रंगेल. चिंचेचा गाभा गडद आणि कठीण असतो, बाभळीचा तांबूस आणि चिवट. तेंदूचा काळा गाभा सापडला तर तो शेवटासाठी राखून ठेवावा. हात बसल्यावरच त्याला हात घालावा.

एका झाडाविषयी इशारा देणे भाग आहे. बिब्याच्या झाडाचा चीक कातडीवर फोड उठवतो. हे झाड आपल्या रानात सर्रास आहे. त्याच्या लाकडाची अंगठी कोणीही करू नये. ज्या लाकडाचे नाव खात्रीने सांगता येत नाही, ते बोटात घालण्याजोगे नाही, हा नियम सर्वांनीच पाळावा. लाकडाचा भुगाही निरुपद्रवी नाही. कठीण लाकडाच्या भुकटीची गणना जागतिक पातळीवर कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत झालेली आहे, आणि शिसवासारख्या लाकडांनी काहींना खाज किंवा शिंका येतात. घासताना तोंडावर चांगला मास्क असावा. काचकागद ओला करून घासला तर भुकटी उडतच नाही.

लाकूड आणायचे कुठून, हा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. राष्ट्रीय उद्यानातून वाळलेली काडी उचलणेही गुन्हा आहे, आणि राखीव जंगलातले लाकूड परवानगीशिवाय आणता येत नाही. १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या ताडोब्याच्या दाराशी राहणाऱ्यांनी हे सर्वांत आधी पाळले पाहिजे. तशी गरजही पडत नाही. अंगठीला लागणारे लाकूड काडेपेटीएवढे असते. गावातल्या सुताराच्या पायाशी पडलेल्या तुकड्यांत, आरागिरणीच्या फेकाऊ फळकुटांत, मोडक्या खाटेच्या खुरात, जुन्या वाड्याच्या उतरवलेल्या चौकटीत वर्षभराच्या छंदाचा साठा असतो. जुन्या लाकडाला एक फायदाही आहे: ते पूर्ण वाळलेले असते. शिसवाच्या सबंध कुळावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. परदेशातल्या लेकीला शिसवाची अंगठी पाठवायची असेल, तर नियम आधी पाहून घ्यावेत.

वळवलेल्या अंगठीची कृती पुढील प्रकरणात सविस्तर येईल. तिचे स्वरूप इथे जवळून दाखवतो, म्हणजे वाचकांना धीर येईल. बाजारात मिळणारे लाकडाचे व्हिनियर अर्धा मिलिमीटर जाडीचे असते. आतला व्यास १८ मिलिमीटर हवा असेल आणि चार वेढे द्यायचे असतील, तर पट्टीची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर भरते. रुंदी १० मिलिमीटर घ्यावी, घासून ती आठवर येते. रेषा पट्टीच्या लांबीतच धावली पाहिजे. ती तिरपी होऊन कडेबाहेर जात असेल, तर पट्टी तिथेच मोडेल. सुरुवातीचे आणि शेवटचे टोक काचकागदावर घासून निमुळते करावे, म्हणजे आत किंवा बाहेर पायरी राहत नाही. पट्टी उकळत्या पाण्यात भिजून नरम झाली की ती व्यासाला साजेशा नळीवर गुंडाळावी, रबरबँडने बांधावी आणि रात्रभर वाळू द्यावी. सकाळी सोडली, की ती स्वतःहून गोल राहिलेली दिसेल.

मग नळीवर सेलोटेप चढवावी, म्हणजे अंगठी नळीला चिकटत नाही, आणि थेंबाथेंबाने चिकटद्रव्य लावत पट्टी पुन्हा घट्ट गुंडाळावी. फेव्हिक्विकच्या जातीचे झटपट चिकटणारे द्रव्य वापरत असाल तर खिडकी उघडी ठेवा, आणि कापसाचा बोळा कटाक्षाने टाळा. कापूस आणि ते द्रव्य एकत्र आले की चटका बसण्याइतके तापतात. वाळलेली अंगठी बाहेरून काचकागदाने, आतून काचकागद गुंडाळलेल्या काडीने घासत जावी. ८० नंबरपासून सुरू करून हळूहळू ६०० पर्यंत जावे, मधला नंबर चुकवू नये. शेवटी शेवटी लाकडाची रेष उजेडात हलल्यासारखी चमकू लागते. ती चमक पाहण्यासाठी बरेच जण या छंदात राहतात.

चकाकी आणि संरक्षण देण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत आणि त्यांत आपला मुलूख श्रीमंत आहे. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचे तेल हा जुना, उबदार दिसणारा उपाय. ते सावकाश वाळते, म्हणून पातळ हात द्यावेत आणि मध्ये दिवस जाऊ द्यावेत. जवसाच्या तेलाची चिंधी बोळा करून टाकू नये. ती वाळताना तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते, आणि चंद्रपूरचा मे महिना तिला मदतच करील. चिंधी पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी. दुसरा मार्ग चपडा लाखेचा. पळस आणि कुसुमावरच्या लाखकिड्यांपासून मिळणारी ही लाख स्पिरिटमध्ये विरघळवली की सुतारांचे पॉलिश तयार होते. तिची झळाळी मोठी, पण गरम पाणी आणि सॅनिटायझर तिला सोसत नाही. रोज वापरायच्या अंगठीला झटपट चिकटणाऱ्या द्रव्याचेच पातळ थर सर्वांत टिकाऊ ठरतात.

लाकडी अंगठीकडून काय अपेक्षा ठेवावी, हे आधीच स्पष्ट असलेले बरे. ती सोन्यासारखी मोठी करून घेता येत नाही, म्हणून माप काटेकोर घ्यावे. सराफाच्या १२ नंबरचा आतला व्यास साधारण १६.५ मिलिमीटर असतो. माप संध्याकाळी घ्यावे, सकाळच्या थंडीत बोट बारीक असते. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडीठाक आणि पावसाळ्यात दमट असते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते-आक्रसते, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे सलग लाकडाची अंगठी ऋतुमानानुसार किंचित लंबगोल होते, वळवलेली तितकी होत नाही. भांडी घासताना आणि आंघोळीला ती काढून ठेवावी. वर्षातून एकदा तिला घासून तेलाचा हात दिला, तर ती पुष्कळ वर्षे साथ देते.

ऊर्जानगरच्या वाचकांकडे एक जमेची बाजू आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. इथल्या घराघरांत फिटर, टर्नर, तंत्रज्ञ आहेत. व्हर्निअर कॅलिपर हाताळलेल्या बोटांना मापाची शिस्त आपसूकच लागलेली असते. शेजारच्या गावांत सुतार आणि बुरड आहेत, ज्यांना लाकडाचा स्वभाव शिकवावा लागत नाही. मापाची शिस्त आणि लाकडाची जाण ही दोन्ही एका पंचक्रोशीत असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. निवृत्तीला आलेला तंत्रज्ञ आणि शाळेतली त्याची नात यांनी एका टेबलाशी बसून करावा असा हा छंद आहे. करवत आणि ड्रिल मोठ्यांनी सांभाळावे, घासणे मुलांकडे द्यावे.

ही पुस्तिका कशी वाचावी, याविषयी एक विनंती. सर्व प्रकरणे ओळीने वाचण्याचा आग्रह नाही. आधी चिमटीत दाबून तोडायची ती अंगठी करा आणि तुटलेले दोन तुकडे जपून ठेवा. पुढचे प्रत्येक प्रकरण वाचताना ते समोर असू द्या. मग हळदूची किंवा जे हाताशी असेल त्या बारीक पोताच्या लाकडाची सलग अंगठी, त्यानंतर थरांची, आणि सवडीने वळवलेली. प्रत्येक लाकडाचा एक छोटा तुकडा नाव लिहून डबीत ठेवला, तर वर्षभरात तुमच्या घरी आपल्या जिल्ह्याच्या लाकडांचा संग्रह तयार होईल. मग केव्हा तरी आलापल्लीचे जुने, राखून ठेवलेले वन पाहायला जावे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आभाळाला भिडलेले ते साग पाहताना त्यांच्या आत रेषा कशी धावते हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि पाहण्यातला आनंद त्याने नक्कीच वाढेल.

या पुस्तिकेतले पुष्कळसे ज्ञान पुस्तकांतून आलेले नाही. आपल्या फळीचे तुकडे मोकळ्या मनाने देणारे सुतार, कामटी वळवून दाखवणाऱ्या बुरड भगिनी, झाडांची नावे आणि त्यांचे गुण सांगणारे वनमजूर आणि वनरक्षक यांचे ते देणे आहे. त्यांचे ऋण अंगठी करूनच फेडता येईल. वाचकांनी पहिली धड उतरलेली अंगठी स्वतःसाठी ठेवावी, दुसरी अशाच कोणा शिकवणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि त्या लाकडाविषयी त्याला आणखी काय माहीत आहे ते विचारावे. पुढची प्रकरणे तिथूनच लिहिली जातील, आणि ती तुम्हीही लिहू शकाल.

— ऊर्जानगर, चंद्रपूर